शैलाताईंचे सावकाश दिवे

दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी फिरायला निघालं, की शैलाताई एखाद्या घरापुढे अचानक थांबायच्या. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून त्या घराच्या गॅलरीवर सोडलेल्या दिव्यांच्या झालरीकडे टक लावून बघायच्या. मी आपली पिशवी सांभाळत शेजारी उभी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, बाईंना चक्कर आली. एकदा तर कुणी पाण्याची बाटलीही पुढे केली. शैलाताई स्वतःची नाडी बघत असायच्या. झालर नाडीपेक्षा वेगानं लुकलुकत असली, की त्या सरळ फाटक उघडून आत जायच्या आणि घरमालकाला शांतपणे सांगायच्या, "भाईसाहब, आपकी झालर को बुखार है." मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटची माणसं तशी सोशिक. बहुतेक जण हसून चहा विचारायचे. काली पुतली चौकाजवळच्या एका मिठाईवाल्यानं मात्र खरंच घाबरून झालर उतरवून ठेवली, आणि ऐन दिवाळीत त्याचं दुकान अंधारात राहिलं.

"बाजारच्या झालरी पाह्यल्या का मले धाप लागते," त्या म्हणायच्या. "सणाचे दिवे आहेत का चोर पकडाले निघालेली गाडी? देवीले काही घाई आहे का?"

शैला वानखेडे आमच्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी संस्कृत. घरंही शेजारी, मधे मेंदीचं एकच कुंपण. शाळेत त्या शुद्ध हिंदी बोलायच्या, घरी पाऊल टाकलं की वऱ्हाडी. ठेंगणी मूर्ती, पदर खोचलेला, आणि अंबाड्यात फुलाच्या जागी विजेचा टेस्टर. तो टेस्टर त्या लग्नकार्यातसुद्धा काढायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "ताई, निदान आज तरी गजरा घाला." तर म्हणाल्या, "मांडवातली लाईट गेली तर गजऱ्यानं येईन का?" लाईट गेली नाही, पण त्या दिवसभर जाण्याची वाट बघत होत्या असा माझा संशय आहे.

त्यांची खरी करामत दिसायची महालक्ष्म्यांना. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत येणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात. बोलताना मोठी आणि धाकटी. दोन पत्र्याच्या कोठ्या, त्यांत धान्य आणि फराळ, वर साडी नेसवायची आणि मुखवटा चढवायचा. वानखेडेंकडच्या महालक्ष्म्या बघायला अख्खा मोहल्ला यायचा, कारण तिथे दोघींच्या मागे दिव्यांची प्रभावळ असायची आणि ती आळीपाळीनं उजळायची. आधी मोठीची, मग धाकटीची. अगदी सावकाश, बघणाऱ्यानं एक श्वास घ्यावा आणि सोडावा इतक्या निवांतपणे. या दिव्यांचं सर्किट शैलाताई दर वर्षी स्वतः जोडायच्या. मागच्या वर्षीचं चांगलं चालू असलं तरी नवं. "पुरण दर साली नवीन शिजवतो का नाई आपण?" असं त्यावर त्यांचं उत्तर.

विजेशी माझा संबंध बटणापुरता. तरी एकदा त्यांनी मला समोर बसवून ते सर्किट समजावलं. टेबलावर तीन पायांचे दोन बारके ट्रान्झिस्टर, दोन गोल कपॅसिटर आणि रंगीत पट्ट्यांचे काही रेझिस्टन्स मांडले होते. जुना मोबाइल चार्जर वीज द्यायला.

"हे पाह्य," ट्रान्झिस्टरवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "या दोघी जावा. अन् या गोल गोल दिसते ना, त्या यांच्या घागरी. एकीचा दिवा लागला का दुसरीची घागर भराले लागते. काठोकाठ भरली का ती उठते, आपला दिवा लावते, अन् पहिलीले म्हणते, बस वो आता जराशी. मंग पहिलीची घागर भरते."

"आणि घागर मोठी घेतली तर?"

"तर दोघीयले आराम! म्हणून तं माहे दिवे सावकाश आहेत."

मला बाई पहिल्यांदाच आयुष्यात विजेतलं काही कळलं. मी त्या अंधारलेल्या दिव्याकडे बोट दाखवून म्हटलं, "म्हणजे हा आत्ता विझलाय तो..."

"विझला नाई तो," शैलाताईंनी मला तिथेच अडवलं. "भरून राह्यला."

हे त्यांचं लाडकं वाक्य. ते कुठेही लागू पडायचं. दुपारी मी गेले आणि त्यांचे यजमान, वनखात्यातून निवृत्त झालेले आमचे भाऊजी, आरामखुर्चीत घोरत असले, की मी विचारायची, "भाऊजी झोपले वाटतं?" आतून आवाज यायचा, "झोपले नाई, भरून राह्यले." बिरसा तालुक्याकडची एक मुलगी आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहायची. पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही तिनं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी तिच्यावर ढ म्हणून शिक्का मारला, मीसुद्धा. एकट्या शैलाताई म्हणाल्या, "भरून राह्यली. थांबा जराशा." पुढच्या वर्षी ती मुलगी अशी बोलायला लागली की तास संपला तरी तिचे प्रश्न संपेनात, आणि शैलाताईंनाच हात जोडून तिला खाली बसवावं लागायचं.

त्यांचं सगळंच गोड होतं असं समजू नका. हेकेखोर तर इतक्या, की आपलं चुकलं हे वाक्य त्यांच्याकडून ऐकायला मी अर्धी नोकरी वाट बघितली. पुरण दर वर्षी सैल व्हायचं आणि दर वर्षी दोष डाळीचा असायचा. पुढे पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. सुईत दोरा ओवायला त्या कुंपणापलीकडून मला हाका मारायच्या, पण डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की भडकायच्या. "माह्या डोळ्याले काही नाई झालं. बल्बच आजकाल कमी उजेडाचे बनवतात."

अशातच त्यांच्या मुलाचं, समीरचं लग्न झालं. समीर उकव्याला खाणीच्या कचेरीत जायचा, रोज बसनं. सून जबलपूरची, नेहा. घरचं सगळं हिंदी. मराठी एक अक्षर येत नव्हतं, पण कान तीक्ष्ण होते आणि हसणं मोकळं. शैलाताईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण गृहप्रवेशाला माप ओलांडल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या अंबाड्यातल्या टेस्टरबद्दल.

अडचण होती ती आक्काजींची. आक्काजी म्हणजे शैलाताईंची थोरली नणंद. राहायच्या रामपायलीला, पण महालक्ष्म्यांच्या बाबतीत वानखेडेंच्या घरात शब्द त्यांचा चालायचा. कोणती भाजी आधी, कोणता हात कुठे लागायचा, सगळं त्या ठरवायच्या. त्यांनी लग्नातच बोलून ठेवलं होतं, "शैला आहे तवरीक ठीक आहे. मंग या पोरीच्यानं होनार नाई. महालक्ष्म्या गोंदियाले धाकट्या भावाकडे नेऊ." पण त्या महालक्ष्म्या शैलाताईंना सासूनं हातात हात धरून दिल्या होत्या, आणि आपल्या मागेही त्या याच घरात, याच सुनेच्या हातून उभ्या राहाव्यात, एवढंच एक मागणं त्या हल्ली देवीपुढे मागायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं, कुंपणापाशी, मेंदीची पानं उगीच तोडत.

म्हणून त्या वर्षी त्यांनी एक बेत केला. सर्किट सासू-सुनेनं मिळून जोडायचं. मोठीचा अर्धा भाग शैलाताईंचा, धाकटीचा नेहाचा. वरची पट्टी, जिच्यातून दोघींनाही वीज मिळते, ती शैलाताईंची, "ते मोठ्या मानसाचं काम." चार दिवस ते घर तापलेल्या कथलाच्या वासानं भरलेलं होतं. नेहानं बोट भाजून घेतलं, दोनदा ट्रान्झिस्टर उलटा लावला आणि शेवटी एकदाचा दिवा लागला तेव्हा इतक्या जोरानं ओरडली की मी भाजी टाकून धावत गेले. शैलाताई सर्किट नेहमी कोठीच्या आत ठेवायच्या, फराळाच्या डब्याशेजारी. देवीच्या घरात तारा दिसलेल्या त्यांना खपायच्या नाहीत. दिव्यांच्या वायरी तेवढ्या कोठीच्या मागच्या भोकातून बाहेर. लाडू, करंज्या आणि सर्किट आत गेलं, झाकण बसलं, साड्या नेसवल्या, मुखवटे चढले. आता विसर्जनाच्या अक्षता पडेपर्यंत कोठीला हात लावायचा नाही, हा त्या घरचा नेम.

आवाहनाची संध्याकाळ सुरेख गेली. मोठी उजळली, धाकटी उजळली. आक्काजी हात जोडून बसल्या होत्या, त्यांनाही नावं ठेवायला जागा सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी, पूजनाच्या दिवशी सकाळी, बायका जमायला लागल्या होत्या. आत पुरण शिजत होतं, सोळा भाज्या चिरून झाल्या होत्या. आणि धाकटीचा दिवा गेला. मोठीचा तेवढा लागून राहिला, हलेचना. बायकांची कुजबूज सुरू झाली.

शैलाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि ऐटीत म्हणाल्या, "विझली नाई वो, भरून राह्यली."

आम्ही सगळ्या बघत उभ्या राहिलो. एक श्वास, दोन श्वास, पुष्कळ श्वास झाले. धाकटी अंधारातच. ते वाक्य माझ्यादेखत पहिल्यांदाच फसत होतं.

"केव्हापर्यंत भरते वो?" आक्काजी म्हणाल्या. "विसर्जनापर्यंत? धाकटी रुसली, शैला. कोनाचा हात लागला होता तिले?"

कोणाचा हात लागला होता हे मोहल्ल्याला ठाऊक होतं. शैलाताईंनीच कौतुकानं घरोघर सांगितलं होतं. सगळ्यांच्या नजरा नेहाकडे वळल्या. तिला शब्द कळले नसतील, पण नजरा कळायला मराठी यावी लागत नाही. ती गुपचूप स्वयंपाकघरात गेली.

"पुढच्या सालापासून गोंदियाले," आक्काजींनी निकाल देऊन टाकला.

समीर आईच्या कानाशी लागला. "आई, पाच मिनिटं दार लावून घेऊ. कोठी उघड, कथलाचा टाका मार, बंद कर. कोण पाह्यते?"

"नाई," शैलाताई म्हणाल्या. "नेम सासूबाईचा आहे. त्या असत्या तं वाद घातला असता. आता त्याईले समजावाले जाऊ कुठे?"

आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. मी तिथेच होते. नेहा कढीच्या पातेल्यापाशी उभी राहून डोळे पुसत होती. "मम्मीजी, मेरे ही हाथ से बिगड़ा।"

शैलाताईंनी तिचा हात उलटा करून बघितला. "बोट भाजलं तुहं. मंग काम बरोबर झालं आहे. रडू नको, पोळपाट दे." मग माझ्याकडे वळून, "तू पुरण हलव. करपलं तर श्लोक म्हणून भागनार नाई."

संस्कृतच्या बाईच्या हातात पुरणाचा झारा देऊन त्या पोळपाट उपडा घालून बसल्या. दर वर्षी जास्तीचे चार ट्रान्झिस्टर आणि बाकीचे सुटे भाग आणून ठेवायची त्यांची सवय होती, ते डाळीच्या डब्यामागून निघाले. कोठीला हात न लावता मागच्या बाहेर आलेल्या वायरींनाच नवं सर्किट जोडायचं, असं त्यांनी ठरवलं. "या टायमाले उलटं करू," त्या नेहाला म्हणाल्या. "मोठीचा भाग तू कर. धाकटीचा मी."

दोघी मांडी घालून समोरासमोर बसल्या. मी झारा फिरवत बघत होते. नेहाचे टाके भराभर पडत होते. शैलाताईंच्या हातातली तापलेली सळई मात्र वायरीच्या शेजारी, पोळपाटावरच टेकत होती. लाकडावर काळे ठिपके उमटायला लागले. नेहानं मान वर केली, सासूच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि वायरीचं टोक अलगद सळईखाली सरकवलं. पुढच्या टाक्यालाही तसंच. शैलाताई प्रत्येक टाक्याला म्हणत होत्या, "पाह्यलं? असा मारतात टाका." नेहा म्हणत होती, "हौ, मम्मीजी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुरणाच्या वाफेवर ढकललं.

आरतीच्या आधी धाकटी उजळली. बायकांनी हात जोडले. मागे ठेवलेल्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवून आक्काजींनी विचारलं, "त्या डब्यात काय आहे?"

"जावा आहेत," शैलाताई म्हणाल्या, आणि घंटा वाजवायला लागल्या. पण दिवा लागला म्हणून आक्काजींचा निकाल बदलला नव्हता, हे त्यांच्या आवळलेल्या ओठांवरून दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता पडल्या, मुखवटे उतरले. आक्काजी बाहेरच्या खोलीत रामपायलीच्या बससाठी पिशवी भरत होत्या. आत शैलाताईंनी कोठी उघडली, सर्किट बाहेर काढलं आणि नेहाच्या हातात दिलं. "तुहे डोळे चांगले आहेत. शोध."

नेहानं सर्किट उजेडात धरलं. एकेक टाका बोटानं हलवून बघितला. तिच्या अर्ध्या भागातला एकही हलेना. मग तिचं बोट वरच्या पट्टीवर गेलं, आणि एक तार टाक्यासकट वर आली. धाकटीच्या घागरीला वीज पोचवणारी तीच होती. नेहानं ती पटकन दाबून धरली. "मम्मीजी, रहने दीजिए. पता नहीं चल रहा."

"दाखव." शैलाताईंनी पट्टी डोळ्यांशी नेली, लांब नेली, अंगठ्यानं चाचपली. वरची पट्टी कोणी जोडली होती हे आम्हा तिघींना माहीत होतं. मी जीव मुठीत धरून उभी. आता दोष डाळीवर तरी जाईल, नाहीतर बल्बवर.

"माहा!" त्या एकदम ओरडल्या. "अवो, माहा निघाला! कच्चा टाका माहा निघाला!"

माणसाला स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला मी तोवर बघितला नव्हता. त्यांनी नेहाला मिठी मारली आणि ते सर्किट तसंच हातात घेऊन, त्याला करंजीचा चुरा चिकटलेला, बाहेरच्या खोलीत धावल्या.

"आक्काजी, धाकटी रुसली नोयती. तिचं काम पक्कं होतं. मोठीनंच तिची घागर भरू नाई देल्ली. हे पाहा, टाका माहा आहे."

आक्काजींनी ती लोंबणारी तार बोटानं हलवून बघितली. मग म्हणाल्या, "मले काय समजते वो त्यातलं." पिशवीची गाठ बांधली. दाराशी जाऊन परत फिरल्या. "पुढच्या साली मुखवटा सूनबाईच्या हातून चढव. अन् शैला, तू पयले डोळे दाखव."

दसऱ्याआधी शैलाताईंनी ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते मागच्या वर्षांची सर्किटं बाहेर काढण्याचं. "हे एवढं घाण काम कोणं केलं वो?" त्यांनी विचारलं. नेहानं ती हळूच परत डब्यात भरायला घेतली. "असू दे," त्या म्हणाल्या, "जळत तं होते." पुरणाचा दोष मात्र शेवटपर्यंत डाळीचाच राहिला.

त्यानंतर काही वर्षं मुखवटे नेहानं चढवले, शैलाताई खुर्चीत बसून सूचना देत राहिल्या. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या गेल्या. थोडकं दुखणं, फारसे हाल नाहीत. मी कितीतरी दिवस कुंपणाकडे बघायचंच टाळलं. त्या वर्षी घरात सण झाला नाही. गणपतीच्या दिवसांत वानखेडेंची पुढची खोली काळोखी राहिली, आणि भाऊजी तिचं दार ओढून घेऊन मागच्या अंगणात बसायचे.

यंदा महालक्ष्म्या परत बसल्या. गोंदियाला नाही, इथेच. सर्किट नेहानं जोडलं. बाजारात नेहमीच्या मापाचे कपॅसिटर मिळाले नाहीत म्हणून तिनं मोठे लावले, त्यामुळे दिवे आणखीच सावकाश झाले होते. आक्काजी आता फार थकल्या आहेत. समीर त्यांना रामपायलीहून गाडीनं घेऊन आला आणि महालक्ष्म्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून दिली. पूजनाच्या दिवशी बायकांची गर्दी होती. धाकटी उजळलेली होती, मोठी अंधारात. मोहल्ल्यात नव्यानं राहायला आलेली एक बाई कुंकवाचं बोट तसंच धरून थबकली.

"अगं बाई, मोठीचा दिवा गेला वाटतं."

नेहा स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पुरणानं माखलेले. ती काही बोलणार, तेवढ्यात आक्काजींनी हातातली काठी जमिनीवर आपटली.

"गेला नाई," त्या म्हणाल्या. "भरून राह्यला. थांब जराशी."

खोलीत सगळ्या थांबल्या. माझी दोन बोटं कधी मनगटावर गेली ते मला कळलं नाही. नेहा दाराला टेकून मोठीकडे बघत होती, मीही बघत होते. मग मोठीच्या मागची प्रभावळ हळूहळू उजळली.

"हं," आक्काजी त्या बाईला म्हणाल्या, "लाव आता कुंकू."